एका चिठ्ठीवर सात मिनिटे : रोजच्या जगण्यातून लिहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

लिहिण्याची इच्छा आहे, थोडा वेळ आहे, वही-पेनही समोर आहे, आणि तरीही पहिले वाक्य उतरत नाही, अशा अवस्थेत असलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. तुम्हाला लेखक व्हायचे आहे असे मी गृहीत धरलेले नाही. बँकेत, शाळेत, दुकानात काम करणाऱ्या किंवा घर चालवणाऱ्या माणसाला दिवसातली काही मिनिटे स्वतःच्या डोक्याने काहीतरी नवे रचता यावे, एवढाच येथे हेतू आहे. त्यासाठीची पद्धत साधी आहे. कागदाच्या तुकड्यावर एक-दोन ओळींची सूचना लिहून ठेवायची, अशा तुकड्यांतून न बघता एक उचलायचा आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत त्याच्यावरच लिहायचे. या सूचनेला पुढे सर्वत्र चिठ्ठी म्हटले आहे.

पद्धत इतकी साधी असूनही ती अनेकांच्या हातून आठवडाभरात सुटते, आणि त्याचे कारण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा एकच असते : चिठ्ठ्या फार ढोबळ असतात. ‘निसर्ग’, ‘आई’, ‘बालपण’ असे शब्द समोर आले की मन एकाच वेळी सगळीकडे धावते आणि कुठेच पोहोचत नाही. चिठ्ठी जितकी अरुंद, तितके लिहिणे सोपे, हे या लेखाचे मूळ सूत्र आहे आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्यातूनच निघाल्या आहेत.

नेमके निमित्त देऊन रचना करवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. संस्कृतातील समस्यापूर्तीत श्लोकाचा एक चरण दिला जाई आणि उरलेले चरण कवीने रचायचे असत. भोजराजा आणि कालिदास यांच्या एका प्रसिद्ध आख्यायिकेत दिलेला चरण म्हणजे नुसता ‘ठंठं ठठंठं’ असा नाद आहे. (दोघांच्या काळात काही शतकांचे अंतर आहे, त्यामुळे ही गोष्ट आख्यायिका म्हणूनच घ्यावी.) कवीने त्या निरर्थक नादाला प्रसंग दिला तो असा : रामाच्या अभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. तेलुगू आणि कन्नड भाषांतील अवधानांमध्ये, म्हणजे एकाच बैठकीत अनेकांनी घातलेली कोडी कवीने तिथल्या तिथे सोडवण्याच्या कार्यक्रमांमध्ये, समस्यापूर्ती आजही होते. जात्यावर बसणाऱ्या बायकांना ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात तयार मिळत असे, आणि पहिल्या शब्दांचा अडसर असा दूर झाल्यावर पुढे सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, काहीही येऊ शकत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जमा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि त्या रचणाऱ्यांपैकी कितीतरी जणी शाळेची पायरीही चढलेल्या नव्हत्या. उखाण्यात शेवटी कोणाचे नाव यायचे हे आधीच ठरलेले असते, म्हणून तर लाजणारी माणसेही दोन ओळी जुळवू शकतात. या सगळ्यांत एक टोक घट्ट बांधलेले आहे आणि दुसरे मोकळे आहे. चिठ्ठीही तशीच असली पाहिजे.

लागणारे साहित्य

• एक साधी शंभर पानी वही. महागडी, जाड पुठ्ठ्याची वही आणू नये, कारण तिच्यात खराब वाक्य लिहायला हात धजत नाही.
• सहज चालणारे पेन.
• चिठ्ठ्यांसाठी कागद. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम. कागद जाड असल्याने चिठ्ठ्या चुरगळत नाहीत.
• चिठ्ठ्या ठेवायला झाकणाचा डबा.
• गजर लावता येईल असा फोन किंवा घड्याळ.

हाताने लिहिणे जमत नसेल तर फोनवरील टिपणवही चालते. जीबोर्डसारख्या कळफलकात मराठी बोलूनही उमटवता येते. मात्र त्यातील विरामचिन्हे आणि जोडाक्षरे नंतर तपासावी लागतात, आणि ती सुधारण्याचा मोह लिहिण्याच्या वेळेतच होतो. म्हणून पहिला महिनाभर तरी वहीच बरी.

१. चिठ्ठ्या आधी तयार करून ठेवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यासाठी एखादी सुट्टीची दुपार राखून ठेवावी. लिहायला बसल्यावर विषय शोधायचा नाही, हा नियम पाळायचा असेल तर किमान तीस चिठ्ठ्या डब्यात असल्या पाहिजेत.

चिठ्ठीसाठी कल्पना शोधत बसू नका. घरातून एक फेरी मारा आणि जे दिसेल, ऐकू येईल, वास येईल ते नेमके करून लिहा. उदाहरणार्थ :

• घरातला असा एक डबा, ज्याच्यात मूळची वस्तू आता नाही.
• सकाळी ऐकू आलेला पहिला आवाज. कुकरची शिट्टी सोडून.
• वाण्याच्या यादीत शेवटी, वेगळ्या शाईने वाढवलेली वस्तू.
• शेजारच्या घरातून येणारा फोडणीचा वास, आणि त्यावरून आज त्यांच्याकडे कोण आले असावे.
• रिक्षाच्या मागे लिहिलेले वाक्य, आणि ते लिहवून घेणाऱ्याचे घर.
• ‘सुटे नाहीत’ या दोन शब्दांनी सुरू होणारा प्रसंग.
• लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असे ज्याच्या नावाने छापले आहे ते मूल त्या दिवशी मांडवात काय करत होते.
• दुरुस्तीला टाकलेली आणि परत आणायची राहून गेलेली वस्तू.

परराज्यात किंवा परदेशात राहणाऱ्यांना आणखी एक खाण उपलब्ध असते. तिथल्या दुकानात जी वस्तू मागताना हातवारे करावे लागले, किंवा ज्या पदार्थासाठी पर्यायी साहित्य शोधावे लागले, अशा प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी होते.

चांगल्या चिठ्ठीची परीक्षा सोपी आहे. ती वाचताच डोळ्यांसमोर एखादी वस्तू, जागा किंवा माणूस आले पाहिजे. ‘एकटेपणा’ वाचून काहीच दिसत नाही. ‘दोन कप चहा करून एकच पिणारा माणूस’ वाचताच स्वयंपाकघर दिसते. चिठ्ठीत भावनेचे नाव शक्यतो येऊ देऊ नये. वस्तू दिली की भावना आपोआप येते, आणि अनेकदा आपण अपेक्षा केली होती त्यापेक्षा वेगळीच येते.

येथे एक सापळा आहे. तयार चिठ्ठ्यांच्या याद्या सहज मिळतात, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही क्षणात शंभर चिठ्ठ्या देतात, आणि त्यांत निर्जन बेटावर अडकलेला माणूस, कालयंत्र, बोलणारी मांजर हमखास असतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांवर लिहिताना आपण इतरांच्या गोष्टींतून उसने घेतो, कारण निर्जन बेट आपण पाहिलेले नसते. सुरुवातीच्या काळात डब्यात अशा चिठ्ठ्या घालू नयेत. तुमच्या घरातल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात काय ठेवले आहे, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला माहीत नाही, आणि तोच तुमचा फायदा आहे.

२. वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा

‘रोज रात्री लिहीन’ असा संकल्प टिकत नाही, कारण रात्र रोज वेगळ्या वेळी मोकळी होते. त्याऐवजी आधीपासून होत असलेल्या कामाला लिहिणे जोडावे : सकाळचा चहा उकळून कपात आला की, मुलांची शाळेची गाडी गेली की, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की. वेळ सात मिनिटांचा ठेवावा. त्यात एखादे पान भरते आणि ‘आज वेळ नाही’ हे कारण सांगता येत नाही. गजर झाला की वाक्य अर्धे असले तरी थांबावे; अर्ध्या वाक्याचा दुसऱ्या दिवशी फायदाच होतो, कारण मन मधल्या वेळात ते पूर्ण करत राहते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या घेऊन भरपाई करू नये. थकबाकी साचू लागली की लिहिणे गृहपाठ होते.

३. उचललेली चिठ्ठी बदलू नका

डब्यात हात घालून जी येईल ती घ्यावी. ‘ही नको, दुसरी बघू’ असे एकदा झाले की रोज पाच चिठ्ठ्या उघडल्या जातात आणि सात मिनिटे निवडण्यात संपतात. नकोशी वाटणारी चिठ्ठीच बरेचदा जास्त देते, कारण तिच्याविषयी आपल्याकडे तयार वाक्ये नसतात. कवीला ‘ठंठं’ बदलून मिळाले नव्हते.

याला अपवाद एकच. एखाद्या चिठ्ठीने ताजे दुःख उघडे होत असेल तर ती परत ठेवावी आणि निःसंकोच दुसरी घ्यावी. हा रोजचा सराव आहे. त्यात मन सोलून काढण्याची सक्ती नाही.

४. गजर होईपर्यंत हात चालू ठेवा

अमेरिकेतील लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ साली न थांबता दहा मिनिटे लिहिण्याचा सराव सुचवला आणि तो पुढे जगभरच्या लेखनवर्गांत रूढ झाला. त्यातील मुख्य अट अशी, की मागे वळून वाचायचे नाही, खोडायचे नाही आणि शुद्धलेखनासाठी थांबायचे नाही. लिहिणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच वेळी करायला गेले की तपासणारा नेहमी जिंकतो, हे त्यामागचे कारण आहे.

मराठी माणसाला यातील शुद्धलेखनाची अट विशेष जड जाते. ‘दीर्घ की ऱ्हस्व’ या शंकेने पेन अडते, कारण लहानपणी वहीत त्याच जागी लाल शाईची खूण मिळालेली असते. या सात मिनिटांत वेलांटी चुकली तरी चालेल, बोलीतले शब्द आले तरी चालतील. तुमच्या घरात ‘भांडी’ऐवजी ‘भांडीकुंडी’ किंवा ‘संध्याकाळी’ऐवजी ‘सांच्याला’ म्हणत असतील, तर वहीतही तेच उमटू द्यावे. काहीच सुचेनासे झाले तर शेवटचे वाक्य पुन्हा लिहावे. तिसऱ्यांदा लिहिताना कंटाळून मनच ते बदलते.

५. शाळेतला निबंध ओळखायला शिका

नवख्यांच्या वहीत सर्वांत जास्त आढळणारा दोष हा आहे, आणि तो आळसातून येत नाही, चांगल्या गुणांच्या सवयीतून येतो. आपण वर्षानुवर्षे ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘पाऊस पडला नाही तर’, ‘माझा आवडता ऋतू’ असे निबंध लिहिले, त्यांत सुरुवातीला सुभाषित आणि शेवटी बोध घातला की गुण मिळत, आणि तो साचा हाताला इतका बसला आहे की चिठ्ठी कोणतीही असो, आपण चौथ्या वाक्यात उपदेशावर येतो.

डब्याच्या चिठ्ठीवर निबंधाच्या आवाजात असे लिहिले जाते : ‘जुन्या वस्तू आपल्याला काटकसर शिकवतात. आजच्या धावपळीच्या युगात ही मूल्ये हरवत चालली आहेत.’ यातले प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि एकही वाक्य लिहिणाऱ्याचे नाही. त्याच चिठ्ठीवर असेही लिहिता येते : ‘श्रीखंडाच्या डब्यात आई सुटी बटणे ठेवते. त्यातले एक पिवळे बटण घरातल्या कुठल्याच कपड्याचे नाही, पण ते टाकायला काढले की ती म्हणते, असू दे, लागेल.’ काटकसरीचा शब्दही न काढता ती येथे दिसते, आणि शिवाय आई दिसते.

निबंध ओळखण्याच्या काही खुणा लक्षात ठेवाव्यात. ‘आपण सर्वांनी’, ‘आजच्या युगात’, ‘खरेच’, ‘जणू काही’ हे शब्द आले, किंवा वाक्यातून ‘मी’, ‘तो’, ‘ती’ जाऊन ‘माणूस’ आला, की पेन घसरले असे समजावे. त्या वेळी खोडू नये. पुढचे वाक्य ‘उदाहरणार्थ, त्या दिवशी…’ असे सुरू करावे. गाडी रुळावर येते. वस्तूला बोलायला लावण्याचा मोहही पहिल्या महिन्यात टाळावा, कारण आपल्या हातून बोलणारी वस्तू फार लवकर आत्मवृत्त सांगू लागते.

६. हात बसल्यावर बंधने वाढवा

साधारण महिनाभरानंतर लिहिणे सुरळीत होते आणि त्याचबरोबर थोडे एकसुरीही होते. अशा वेळी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक बंधन लिहावे. फ्रान्समध्ये १९६० साली रेमों कनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी उलिपो हा गट स्थापन केला, तो अशाच स्वतःहून घातलेल्या बंधनांतून साहित्य घडवण्यासाठी. त्या गटातील जॉर्ज पेरेक यांनी फ्रेंचमधील सर्वाधिक वापराचे ‘ई’ हे अक्षर पूर्णपणे टाळून १९६९ साली अख्खी कादंबरी प्रसिद्ध केली. आपल्याला इतक्या लांब जायचे नाही. मराठीत करून पाहण्यासारखी काही बंधने अशी :

• ‘आहे’ आणि ‘होते’ हे शब्द वर्ज्य. हे दोन गेले की वाक्यांना खरी क्रियापदे शोधावी लागतात. सर्वांत उपयुक्त बंधन हेच.
• एकही विशेषण नको.
• फक्त संवाद. कोण बोलते ते सांगायचे नाही.
• पहिलीच्या वाचनपाठासारखी, काना-मात्रा-वेलांटी-उकार नसलेली वाक्ये. ‘नळ बंद. घर गरम. मन पण गरम.’ ऐकायला पोरखेळ वाटतो, पण दहा वाक्ये जुळवताना घाम फुटतो.
• आठ अक्षरांच्या ओळी. जोडाक्षर एकच मोजायचे : ‘खुंटीवर छत्र्या दोन, घरात एकच जण.’ येथे ‘त्र्या’ हे एक अक्षर धरले की दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या होतात. बोटांवर मोजत लिहायला संकोच करू नये.
• तीन ओळींचा हायकू. मराठीत हा जपानी प्रकार रुजवण्यात कवयित्री शिरीष पै यांचा मोठा वाटा आहे. एका क्षणाबाहेर जायचे नाही, एवढी एकच अट नवख्याने पाळली तरी पुरे.

एका वेळी एकच बंधन घ्यावे. दोन घेतली की लेखन शब्दकोडे होते; तेही मजेचे असते, पण तो वेगळा छंद आहे.

७. घरच्यांना सामील करा, पण वही दाखवू नका

चिठ्ठ्यांचा डबा सर्वांसाठी उघडा ठेवावा. मुलांना चिठ्ठी लिहायला सांगितले तर ती आपल्यापेक्षा बऱ्या चिठ्ठ्या करतात, कारण त्यांना पलंगाखालचे दिसते. आजी-आजोबांना लिहिणे जमत नसेल तर चिठ्ठी वाचून दाखवावी आणि त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. ‘तुमच्या वेळी कसे होते?’ असे विचारले की सगळे चांगले होते एवढेच उत्तर मिळते. ‘पहिल्या पगारातून काय आणले होते?’ असे विचारले की दुकानाचे नाव, भाव आणि त्यावरून झालेले भांडणही बाहेर येते. चिठ्ठी अरुंद ठेवण्याचा नियम बोलण्यालाही तंतोतंत लागू पडतो.

वही मात्र खासगी असावी, आणि ताजे लिहिलेले त्याच दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. तेथे एक तर नुसते अंगठे येतात, नाही तर आत्याला तिच्या फोडणीविषयी लिहिलेले लागते. दोन्हींमुळे दुसऱ्या दिवशीचा हात आखडतो.

८. सराव रोजच्या लेखनात वापरा

या सरावाचा पहिला उपयोग अनपेक्षित ठिकाणी दिसतो. कार्यालयात कोणाचा निरोप समारंभ असला आणि चार शब्द बोलायची वेळ आली, की ‘मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख’ ही तीन विशेषणे सर्वांच्या तोंडी असतात. त्याऐवजी स्वतःला चिठ्ठी द्यावी : ‘त्यांच्या टेबलावरची एक वस्तू.’ त्या वस्तूविषयी पाच वाक्ये बोललात तरी सभागृहातील प्रत्येकाला तो माणूस ओळखू येतो. सांत्वनाचे पत्र, वाढदिवसाचा निरोप, मुलीच्या शाळेला लिहायचा अर्ज, सोसायटीच्या फलकावरची सूचना, या सर्वांना हीच पद्धत चालते. सूचनेच्या बाबतीत विनोदाचा अतिरेक तेवढा टाळावा. जिन्यातल्या चपला हटवायच्या असतात, लोकांना दुखवायचे नसते.

९. महिन्याने वाचा आणि डबा पुन्हा भरा

महिना झाल्याशिवाय मागची पाने वाचू नयेत. वाचताना चांगले-वाईट ठरवण्याऐवजी, जेथे स्वतःलाच ‘हे मी लिहिले?’ असे वाटते त्या वाक्यांखाली रेघ मारावी. तीस पानांत अशी चार-पाच वाक्ये निघाली तरी पीक चांगले आले असे समजावे. त्यातले प्रत्येक वाक्य नव्या चिठ्ठीवर उतरवून डब्यात टाकावे, म्हणजे पुढच्या महिन्यात तुमचेच वाक्य तुम्हाला सुरुवात म्हणून मिळते.

एकाच गोष्टीकडे लेखन वारंवार वळत असेल, समजा तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर तेच जुने घर आले असेल, तर ती तीन पाने एकत्र ठेवून त्यांचा सलग लेख करून पाहावा. अशा लेखासाठी सात मिनिटे पुरत नाहीत; त्याला वेगळा वेळ द्यावा आणि शुद्धलेखनाची तपासणी येथे जरूर करावी. तो प्रसिद्ध व्हावा असे वाटले तर वृत्तपत्रांतील वाचकांची सदरे आणि दिवाळी अंक हे मार्ग आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा सुरू आहे, आणि आजही गावोगावचे छोटे अंक नवख्यांचे साहित्य स्वीकारतात. मात्र दिवाळी जवळ आल्यावर पाठवू नये. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होत असते.

वापरून झालेल्या चिठ्ठ्या फेकू नयेत. ज्यांवर काहीच जमले नाही त्या डब्यात परत टाकाव्यात आणि जमलेल्या वहीच्या त्या-त्या पानाला टाचून ठेवाव्यात.